काकांच्या जुन्या पिकअपचे पाटे आणि पत्रा

काकांची 1989 ची पिकअप, गेली सहा वर्षं शेडमध्ये पडून होती, मागनं डावीकडे बसलेली. कात्रज घाटात नेली तर प्रत्येक खड्ड्याला ठाण्णकन आवाज, मला वाटलं शॉकअप गेलेत म्हणून नाना पेठेतनं नवे आणून टाकले, आवाज तसाच! मग कमानीवाल्याने पाटे (कमानीतल्या, गाडीचं वजन पेलणाऱ्या पोलादी पट्ट्या) उतरवले तर मुख्य पाट्याला बारीक तडा आणि शॅकलचे, म्हणजे कमानीचं टोक चॅसीला जोडणाऱ्या कडीचे, बुश पार भुगा झालेले. मुख्य पाटा नवा, बाकीच्यांना बाक देऊन घेतला, बुश आणि कमान एक्सलला बांधणारे यू बोल्टही नवेच टाकले. त्याने एक पाटा जास्तीचा घातला होता, रिकामी गाडी बैलगाडीसारखी उडायला लागली, तो काढून टाकला. आणि हो, यू बोल्ट 200-300 किलोमीटरनंतर परत आवळा, ढिले होतातच.

पत्र्याचं वेगळंच. आधीच्या कुणीतरी गंजावर नुसती पुटी (खड्डे भरायचा लेप) थापलेली, खरवडली तर खाली रस्ता दिसला. मग बॅटरी काढून, सडका भाग कापून 18 गेजचा पत्रा वेल्ड केला, लगेच गंज रोखणारा रेड ऑक्साईड प्रायमर मारला, पाणी जायची भोकं मोकळी केली. रंग अजून बाकीये, काका म्हणतायत पोपटीच हवा.