कन्सोल घ्यायचा का पीसी जोडायचा? आधी कागदावर ३ वर्षांचा हिशोब मांडा

दुकानात कन्सोलचा (प्लेस्टेशनसारखं टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन) एकच आकडा दिसतो, पीसीचं मात्र दहा पार्टचं कोटेशन हातात पडतं, मग कन्सोल स्वस्त वाटणारच. म्हणून पैसे द्यायच्या आधी एवढं करा.

१. कुठले गेम खेळणार ते लिहा. यादीत काउंटर-स्ट्राइक २ असेल तर विषयच संपला, तो कन्सोलवर नाही.

२. कन्सोलच्या किमतीत ३ वर्षांच्या ऑनलाइन सबस्क्रिप्शनचे पैसेही धरा. प्लेस्टेशनवर फोर्टनाइटसारख्या फुकट गेमला ते लागत नाही पण विकतच्या बहुतेक गेममध्ये ऑनलाइन खेळायला लागतं, पीसीवर ही भानगडच नाही. आणि कन्सोल घेतलाच तर डिस्कवाला घ्या, डिस्क मित्रांत फिरते, खेळून झाली की विकता पण येते, डिजिटल गेमचं तसं होत नाही.

३. पीसीच्या कोटेशनमध्ये मॉनिटर, कीबोर्ड-माऊस, विंडोज आणि यूपीएस धरलेत का बघा. सांगलीत विश्रामबागला घ्या नाहीतर साताऱ्यात पोवई नाक्याला, हे स्वतःहून विचारायचं.

एक सांभाळा, बजेट बसवायला एसएमपीएस (पीसीच्या पार्टना वीज पुरवणारा डबा) हलका टाकू नका. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट सारखी ये-जा करते आणि असला एसएमपीएस उडाला तर ग्राफिक्स कार्डही सोबत जाऊ शकतं.