मेसेज हरवू नयेत म्हणून रांग आधी उघडा

पावसाळ्यात फोंड्यात वीज गेली-आली की आमच्या काही ऑर्डरी गायब व्हायच्या. पाठवणारा प्रोग्रॅम आधी उठायचा, घेणारा मागून, आणि रांग घेणाराच उघडायचा. रॅबिटएमक्यू हा प्रोग्रॅमांमध्ये मेसेज पोचवणारा ब्रोकर; त्यात एक्स्चेंजला, म्हणजे मेसेज रांगांमध्ये वाटणाऱ्या भागाला, रांगच जोडलेली नसेल तर मेसेज गुपचूप टाकून दिला जातो. पाठवणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

१. रांग उघडून एक्स्चेंजला जोडायचा कोड दोन्ही प्रोग्रॅमांत घाला. रांग आधीच असेल तर पुन्हा उघडल्याने काही बिघडत नाही.

२. रांग ड्युरेबल (ब्रोकर बंद पडून उठला तरी टिकणारी) करा आणि मेसेजही पर्सिस्टंट (डिस्कवर लिहिला जाणारा). नुसती रांग ड्युरेबल केली तर ब्रोकर परत उठल्यावर रांग दिसते, पण रिकामी. माझा एक अख्खा दिवस यात गेला.

३. ऑटो-अ‍ॅक (मेसेज हाती येताच आपोआप जाणारी पोच) बंद ठेवा. ऑर्डर डेटाबेसमध्ये पडली की मगच पोच द्या. मध्येच वीज गेली तर तोच मेसेज पुन्हा येतो, म्हणून नोंदवण्याआधी ऑर्डर नंबर तपासा.

एक सांभाळा: रांगेची दोन्हीकडची सेटिंग्ज तंतोतंत सारखी हवीत. एकीकडे ड्युरेबल, दुसरीकडे नाही, असं झालं की ४०६ एरर येऊन चॅनेल, म्हणजे प्रोग्रॅमची ब्रोकरशी बोलायची वाट, बंद पडतं. मी ती सेटिंग्ज एकाच फाइलीत ठेवतो आणि दोन्ही प्रोग्रॅम तिथूनच वाचतात.