रॉक बँडमध्ये हार्पसिकॉर्डला पुढे कसं आणायचं

मी मिरजेची. आठव्या वर्षी पेटी शिकायला लागले आणि शाळेतून घरी येताना रोज सतारमेकर गल्लीतून यायचे. आता इंग्लंडमध्ये लीड्सला राहते. दिवसा नोकरी करते आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी चौघांच्या रॉक बँडमध्ये वाजवते. गिटार, बेस, ड्रम आणि माझं हार्पसिकॉर्ड, म्हणजे पियानोसारख्या पट्ट्या असलेलं पण तारा छेडणारं जुनं वाद्य. आमच्या निम्म्या गाण्यांत लीड, म्हणजे पुढे येणारी मुख्य सुरावट, हार्पसिकॉर्डचा असतो.

बऱ्याच बँडमध्ये हे वाद्य गाण्याच्या सुरुवातीला नक्षीसारखं दहा सेकंद वाजतं, ड्रम सुरू झाले की हरवतं, आणि मग कीबोर्डवाला कंटाळून ऑर्गनचा आवाज लावतो. तसं होऊ नये म्हणून काय करायचं ते इथे लिहिते आहे. तुमच्याकडे खरं वाद्य नसेल, कीबोर्डमधला हार्पसिकॉर्डचा आवाज असेल, तरी यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

आधी यंत्र समजून घ्या

पियानोत पट्टी दाबली की हातोडी तारेवर आपटते. हार्पसिकॉर्डमध्ये पट्टीच्या मागच्या टोकावर लाकडाची एक पातळ उभी कांब असते, तिला जॅक म्हणतात. जॅकच्या बाजूने एक बारीक नखी डोकावत असते. पट्टी दाबली की जॅक वर उचलला जातो आणि नखी तार छेडून वर निघून जाते. पट्टी सोडली की जॅक खाली येतो, नखी एका छोट्या बिजागरीवर मागे कलून तारेला चुकवते आणि जॅकच्या डोक्याजवळचा फेल्टचा तुकडा तारेवर बसून आवाज थांबवतो. जुन्या काळी ही नखी पिसाच्या दांडीतून कापत. माझ्या वाद्यात ती डेलरिन नावाच्या प्लास्टिकची आहे.

म्हणजे तार सतारीसारखीच छेडली जाते, पण छेडणारं बोट तुमचं नसतं. पट्टी हळू दाबा की जोरात आपटा, तार नखीवरून सुटते ती जवळजवळ त्याच जोराने. पेटीवर आपण भात्याने आवाज फुगवतो, उतरवतो. इथे भाताच नाही. रॉक वाजवणारा माणूस जोशात आला की पट्ट्या बडवायला लागतो, आणि त्यातून वाढते ती फक्त लाकडाची खटखट. बोट पट्टीला टेकलेलं ठेवा, नखी तारेला लागल्याचा सूक्ष्म अडसर बोटाला जाणवू द्या आणि मग दाबा. कीबोर्डवर वाजवत असाल तर व्हेलॉसिटी, म्हणजे दाबाच्या जोराप्रमाणे आवाज बदलण्याची सोय, बंद करा. सगळे सूर एकाच जोराने आले पाहिजेत, नाहीतर हात पियानोच्या सवयीने वाजवत राहतो आणि आवाज खोटा वाटतो.

मग जोर द्यायचा कसा? जोर वेळेतून द्यायचा. ज्या सुराला उठाव हवा त्याच्या आधीचा सूर थोडा लवकर सोडा. मधे जी बारीकशी शांतता पडते तिच्यामुळे पुढचा सूर मोठा भासतो. आत्ता करून बघा: ए ला सा धरा आणि सा रे ग म हे चार सूर (ग कोमल) एकमेकांना चिकटवून वाजवा. मग तेच परत वाजवा, पण रे अर्ध्यावर सोडून द्या. ग ठळक झालेला ऐकू येईल. उलट दोन सूर हलके करायचे असतील तर पहिली पट्टी दाबून ठेवूनच दुसरी वाजवा, म्हणजे कडा बोथट होतात. मला ही गोष्ट हाताला बसायला वर्ष लागलं, आणि ती बसली त्या दिवसापासून मी हे वाद्य खऱ्या अर्थाने वाजवायला लागले असं मी मानते.

आवाज मोठा करायचा दुसरा मार्ग म्हणजे सूर वाढवणं. एका सुराऐवजी सप्तकाची जोडी, जोडीऐवजी चार सुरांचा कॉर्ड (एकत्र वाजणारा सुरांचा गुच्छ). कॉर्ड मात्र एकदम आपटू नका, खालून वर उलगडा. सावकाश उलगडलेला कॉर्ड मृदू वाटतो, झपकन उलगडलेला चाबकासारखा. कोरसच्या, म्हणजे गाण्याच्या ध्रुवपदाच्या, पहिल्या मात्रेवर मी डाव्या हाताने पाच सूर असे उलगडते की शेवटचा सूर बरोबर किक ड्रमवर (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमवर) पडतो.

सूर विरतो, त्याचं काय

गिटारवाला एक सूर धरून चार मात्रा उभा राहू शकतो. आपल्याला ते जमत नाही. खालच्या सप्तकात सूर बराच टिकतो, वरच्या सप्तकात भराभर विरतो, आणि लीड वाजतो तो नेमका वर. मिनिटाला 92 मात्रांच्या लयीत चार मात्रा म्हणजे साधारण अडीच सेकंद. ड्रम चालू असताना दुसऱ्या मात्रेलाच तुमचा सूर गायब झालेला असतो.

म्हणून गिटारचा लीड उचलून हार्पसिकॉर्डवर ठेवू नका. लांब सूर मोडा. समजा पंचमावर चार मात्रा थांबायचं आहे. मी पहिल्या मात्रेला प छेडते, दुसऱ्या मात्रेच्या उत्तरार्धात पुन्हा प, तिसरीवर प ध प म अशी झटकन गिरकी (ध कोमल), चौथीवर परत प. ऐकणाऱ्याला एकच लांब प ऐकल्यासारखं वाटतं. सूर घसरत नेणारी मींड नाही, सूर झुलवणारं गमक नाही, पण खटका आणि मुरकी, म्हणजे सुरांच्या झटपट छोट्या गिरक्या, या वाद्यावर फार सुरेख येतात. ज्यांनी पेटीवर नाट्यगीतं वाजवली आहेत त्यांच्या बोटांत हे आधीच आहे, त्यांनी ते मुळीच लाजून लपवू नये.

दुसरा उपाय म्हणजे हात फिरता ठेवणं. द स्ट्रँगलर्स या बँडचं 'गोल्डन ब्राउन' हे गाणं 1982 च्या सुरुवातीला इंग्लंडच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. त्यात डेव्ह ग्रीनफिल्डचा हार्पसिकॉर्ड हाच चेहरा आहे. सुरुवातीच्या तुकड्यात तीन मात्रांचे तीन गट आणि मग चार मात्रांचा एक, असं तेरा मात्रांचं आवर्तन फिरतं. कॉर्डचे सूर सुटे होऊन अखंड ओघळत राहतात, त्यामुळे विरायला कुठल्याच सुराला वेळ मिळत नाही. हाताने टाळी देत ते तेरा मोजा: 3, 3, 3, 4. शेवटच्या गटात जी एक मात्रा जास्त येते तिथे कान चमकतो. आवाजाचा चढउतार नसलेल्या वाद्याने लक्ष कसं वेधायचं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

बँडमध्ये जागा मागून घ्या

इथे खरी अडचण असते, आणि ती बोटांची नसून माणसांची असते. नखीच्या छेडीतला जो चकाकता भाग आहे तो साधारण दोन ते पाच हजार हर्ट्झच्या टापूत येतो. डिस्टॉर्शन लावलेली, म्हणजे मुद्दाम आवाज फाटवलेली, गिटार तिथेच गर्दी करते आणि झांजांचाही बराच आवाज तिथेच असतो. तिघे एकाच दारातून आत शिरायला बघतात आणि सगळ्यात नाजूक म्हणून आपण बाहेर राहतो. आवाज वाढवून हे सुटत नाही. आवाज वाढवला की हार्पसिकॉर्ड कानाला टोचायला लागतं.

1965 मध्ये द यार्डबर्ड्सने 'फॉर युअर लव्ह' रेकॉर्ड केलं तेव्हाची मांडणी ऐका. हार्पसिकॉर्डवर ब्रायन ऑगर, सोबत बोंगो आणि गजाने वाजवलेला बेस. बँडमधले गिटारवाले, म्हणजे एरिक क्लॅप्टन आणि ख्रिस ड्रेया, फक्त मधल्या तुकड्यात येतात. हार्पसिकॉर्ड त्या गाण्यात इतकं ठसठशीत वाटतं, कारण त्याच्या अंगावर कोणी येतच नाही. क्लॅप्टनला ते गाणं फारच पॉप वाटलं आणि तो लवकरच बँड सोडून गेला. तुमच्या गिटारवाल्याशी बोलताना ही गोष्ट मनात असू द्या. त्याला गप्प बसायला सांगायचं नाही, त्याला त्याची जागा नेमून द्यायची.

आमच्या बँडमध्ये ठरलं आहे ते असं. माझ्या लीडमध्ये गिटार खालच्या तीन तारांवर तळव्याने दाबून वाजते. ड्रमर क्रॅश ही मोठी झांज वापरत नाही, हाय-हॅट ही झांजांची जोडी बंद ठेवतो आणि टॉम या ड्रमवर जास्त खेळतो. मी डाव्या हाताने मधल्या सीच्या एक सप्तक खाली उतरत नाही, कारण तिथून खाली बेसवाल्याचं घर आहे. एवढं पाळलं तर हार्पसिकॉर्ड ऐकू येतं का, हा प्रश्नच उरत नाही.

गिटारला सोबत घ्यायचं असेल तर तोच सुरांचा ओघ दोघांनी एकत्र वाजवा. 1967 च्या 'बर्निंग ऑफ द मिडनाइट लॅम्प'मध्ये जिमी हेंड्रिक्सने हार्पसिकॉर्ड स्वतः वाजवलं आणि त्याच्या जोडीला वा-वा (पायाने आवाजाचा रंग बदलणारं पेडल) लावलेली गिटार ठेवली. छेड हार्पसिकॉर्डची, लांबी गिटारची. बीटल्सच्या 1969 च्या 'बिकॉज'मध्ये जॉर्ज मार्टिन बाल्डविनच्या इलेक्ट्रिक हार्पसिकॉर्डवर आणि जॉन लेनन गिटारवर तेच सुटे कॉर्ड मिळून वाजवतात. रेकॉर्डवर ड्रम नाहीत, पण लय चुकू नये म्हणून रिंगो स्टार त्यांच्या हेडफोनमध्ये ठेका देत होता. दोन छेडी किंचित जरी मागेपुढे झाल्या तरी ते लगेच कळतं, म्हणून सरावाला मेट्रोनोम लावा आणि निम्म्या लयीपासून सुरुवात करा.

आवाज बाहेर कसा न्यायचा

घरगुती सरावाला मी झाकणाच्या आत, साउंडबोर्डपासून (तारांखालच्या, आवाज घुमवणाऱ्या लाकडी फळीपासून) वीतभर उंचीवर दोन छोटे कंडेन्सर माइक लावते आणि झाकण जवळजवळ मिटते. सतारीची तबली तसं याचं साउंडबोर्ड: भोवतीचा प्रत्येक आवाज ते उचलतं. म्हणून ड्रमजवळ उघडं झाकण ठेवू नका. 120 हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाका, तिथे तुमचं काही नसतं, फक्त स्टेजची धडधड असते. छोट्या, गोंगाटाच्या जागी मी खरं वाद्य नेतच नाही, सॅम्पल, म्हणजे कीबोर्डमध्ये साठवलेला खऱ्या वाद्याचा आवाज, वाजवते आणि त्याचा मला कमीपणा वाटत नाही. सॅम्पल निवडताना पट्टी सोडतानाचा जॅक पडल्याचा आवाज त्यात आहे ना, तेवढं पाहा. तो नसेल तर आवाज डबीतला वाटतो. सूर लांबवणारं सस्टेन पेडल काढून ठेवा.

आता ओव्हरड्राइव्ह, म्हणजे आवाज थोडा फाटवणारं उपकरण. एकेरी सुरांच्या लीडला थोडा ओव्हरड्राइव्ह लावला की छेडीची टोकं दबतात, विरत चाललेली शेपटी वर येते आणि सूर लांबतो. भाता मिळाल्यासारखं वाटतं! पण कॉर्ड वाजवलात की सगळा चिखल होतो. मी पायाखाली स्विच ठेवते, एकेरी सुरांना चालू, कॉर्डला बंद.

सूर लावणं आणि नखी

जुन्या संगीतासाठी बांधलेली बरीच वाद्यं ए 415 ला लावलेली असतात (ए हा सूर 415 हर्ट्झवर), म्हणजे आपल्या 440 पेक्षा अर्धा सूर खाली. अनेक वाद्यांत सगळा कीबोर्ड एका तारेच्या अंतराने सरकवून 440 वर आणता येतो. विकत घेताना हे आधी विचारा. बँडसाठी बाराही सूर समान अंतराने लावा. जुन्या पद्धतीची सुरावट एकट्याने ऐकायला गोड असते, पण गिटारचे पडदे समान अंतरालाच बसवलेले असतात, त्यामुळे गिटारबरोबर ही सुरावट भांडते.

हवा दमट झाली की साउंडबोर्ड फुगतं आणि तारा चढतात. हीटर लागला की लाकूड सुकतं आणि उतरतात. स्टेजचे दिवे तापले की तारा आणखी उतरतात. म्हणून दिवे लावल्यावर अर्धा तास थांबून मगच सूर लावा. मी तासभर आधी लावायचे आणि पहिल्या गाण्यात बेसूर व्हायचे.

नखी तासण्याबद्दल थोडं सावकाश सांगते. मिरजेत आमचे एक चाचा तंबोऱ्याची जवारी काढायचे, म्हणजे घोडी तासून सुराला झंकार आणायचे. घोडीवर कानस दोनदा फिरवायची, तार चढवायची, कान लावायचा, पुन्हा तार उतरवायची. अख्खी दुपार त्यात जायची आणि मी दारात बसून पाहायचे. नखीचं काम तसंच आहे. नखी फार जाड असेल तर सूर कर्कश येतो आणि पट्टी जड लागते. स्काल्पेलने नखीच्या खालच्या बाजूने केसाएवढा कपचा काढायचा, जॅक परत बसवायचा, शेजारच्या दोन सुरांबरोबर वाजवून ऐकायचं. पहिल्या वर्षी मी मधल्या सीच्या वरच्या डीची नखी घाईने तासली. त्या रात्री लीडमध्ये दर वेळी डी आला की तिथे भोक पडायचं, आणि आमचं ते गाणं डी भोवतीच फिरतं. जास्त कापलेली नखी दुरुस्त होत नाही, नवीनच बसवावी लागते. मला ती जमायला तीन नख्या लागल्या. रात्री साडेअकराला तिसरी बसली आणि डी शेजारच्या सुरांशी मिळाला, तेव्हा त्या गल्लीतली दुपार आठवून मला रडू आलं.

आता कार्यक्रमाला निघताना पिशवीत सूर लावायची चावी, छोटी विजेरी, स्काल्पेल आणि पाचसहा कोऱ्या नख्या असतात. स्टेजवर गेल्यावर पहिली पट्टी मी डीचीच दाबते.