ऑनलाइन ओळख झालेल्या माणसाला भेटताय? या चुका टाळा

माझ्या एका मैत्रिणीचा संध्याकाळी फोन आला. "कुणाला सांगू नकोस हं, पण मी आज एकाला भेटायला चाललेय." मी विचारलं, कुठे? तिला जागेचं नाव धड सांगता येईना, कारण जागा त्याने ठरवली होती आणि अर्ध्या तासापूर्वी बदललीही होती. त्याचं आडनाव तिला माहीत नव्हतं. फोनवर एकदाही बोलणं झालं नव्हतं, सगळं चॅटवर. ही मैत्रीण कंपनीत नोकरभरतीचं काम बघते. मुलाखतीला आलेल्या माणसाची चार ठिकाणी चौकशी केल्याशिवाय ती त्याची फाइल पुढे सरकवत नाही. मी एवढंच म्हटलं, निघायच्या आधी पाच मिनिटं व्हिडिओ कॉल कर. तिने तसं लिहिलं आणि त्या माणसाने तिला तिथल्या तिथे ब्लॉक केलं.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते तिचं पहिलं वाक्य. कुणाला सांगू नकोस.

कुणालाही न सांगता जाणं

कोणी हसेल, कोणी उपदेश करेल, म्हणून आपण गप्प बसतो. सगळ्या जगाला सांगायची गरजच नाही, पण एका माणसाला सगळं माहीत हवं: समोरच्याचं नाव, नंबर, प्रोफाइलचा स्क्रीनशॉट, भेटीची जागा, परतायची वेळ. व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तासांसाठी पाठवता येतं. ८ तासांचं पाठवा, कारण तासाभराचं नेमकं भेट रंगात आल्यावर संपतं. आणि "काळजी वाटली तर बघ" असं मोघम सांगू नका. "साडेनऊपर्यंत माझा फोन आला नाही तर दोनदा फोन कर, नाही उचलला तर पोलिसांना कळव," असं स्पष्ट ठरवून ठेवा. ऐकणाऱ्यालाही मग 'उगाच लुडबुड तर होत नाही ना' असा प्रश्न पडत नाही.

फोटोतून पत्ता देणं

त्याच मैत्रिणीच्या प्रोफाइलवर एक छान हसरा फोटो होता. मी तो मोठा करून पाहिला तर गळ्यातल्या ओळखपत्रावर तिचं पूर्ण नाव आणि कंपनीचं नाव सरळ वाचता येत होतं. इमारतीची पाटी, गाडीचा नंबर, रोजच्या जिमचा आरसा, अशा गोष्टी आपल्या डोळ्यांना सवयीच्या झालेल्या असतात, म्हणून दिसत नाहीत. एकदा दुसऱ्या कुणाला तरी तुमचे फोटो पाहायला सांगा. शिवाय इन्स्टाग्रामवरचाच फोटो डेटिंग ॲपवर टाकला तर इमेज सर्चने, म्हणजे फोटोवरून इंटरनेटवर शोध घेऊन, तुमचं बाकीचं खातं सापडू शकतं. डेटिंग प्रोफाइलसाठी कुठेही न टाकलेले फोटो वापरा.

ॲपवर दिसणारं अंतरही निरुपद्रवी नसतं. टिंडर या डेटिंग ॲपमधली एक त्रुटी २०१४ मध्ये सुरक्षा संशोधकांनी उघड केली होती. ॲप आतल्या आत अंतराचा इतका अचूक आकडा पाठवत होतं की तीन ठिकाणांवरून अंतर मोजून माणूस नेमका कुठे आहे ते काढता येत होतं. ती त्रुटी दुरुस्त झाली, पण धडा कामाचा आहे. आयफोनवर २०२० पासून आणि अँड्रॉइडवर २०२१ पासून ॲपला फक्त अंदाजे लोकेशन देण्याची सोय आहे. ती वापरा, आणि ॲपमध्ये अंतर लपवता येत असेल तर लपवा.

निळी खूण दिसली की निर्धास्त होणं

पडताळणीची खूण बहुतेक ठिकाणी एवढंच सांगते की खातं चालवणाऱ्याचा चेहरा फोटोंशी जुळतो. तो अविवाहित आहे का, सांगतो ते काम करतो का, त्याच्या मनात काय आहे, यातलं काहीही ती सांगत नाही. भेटीआधी व्हिडिओ कॉल कराच, पण त्यावरही डोळे झाकून विसंबू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये हाँगकाँग पोलिसांनी २७ जणांच्या टोळीला पकडलं. डीपफेक, म्हणजे संगणकाने बनवलेला नकली चेहरा, वापरून, व्हिडिओ कॉलवरसुद्धा खोटा चेहरा दाखवून, प्रेमाच्या नावाखाली त्यांनी सुमारे ४ कोटी ६० लाख अमेरिकी डॉलर उकळले होते. कॉलवर मान पूर्ण बाजूला वळवायला सांगा, चेहऱ्यासमोरून हात फिरवायला सांगा. कच्चा डीपफेक तिथे फाटतो. चांगला केलेला टिकूही शकतो, म्हणून खरी कसोटी त्याच्या पुढच्या मागण्यांवरच लागते.

पैशाचा विषय निघाला तरी बोलत राहणं

इथे मी जरा थांबून बोलणार आहे, कारण शहाणी माणसं फसतात ती इथेच. "मी कधी कुणाला पैसे देणार नाही," असं आपल्याला वाटतं, पण हल्ली पैसे मागितले जातातच असं नाही. आठवडेच्या आठवडे फक्त गप्पा होतात. सकाळी "झोप लागली का?", रात्री "जेवलीस का?" मग कधीतरी सहज उल्लेख येतो, आज ट्रेडिंगमध्ये बरा नफा झाला. तुम्हीच विचारता, कसा? तो एक ॲप दाखवतो आणि थोडे पैसे टाकायला सांगतो. आकडा वाढताना दिसतो. काढून बघायला सांगतो, आणि पैसे खरोखर खात्यात येतात. हा परत आलेला छोटा आकडाच गळाला लावलेलं आमिष असतो. मग मोठी रक्कम जाते. ती काढायला गेलं की "आधी कर भरा" असा निरोप येतो. ते ॲप पहिल्या दिवसापासून फसवणाऱ्यांचंच असतं आणि पडद्यावरचे आकडे कुणीतरी टाइप केलेले असतात.

या प्रकाराला पूर्वी डुकराला खाऊ घालून मग कापण्याची उपमा देणारं नाव होतं. डिसेंबर २०२४ मध्ये इंटरपोलने ते नाव सोडून द्यायचं आवाहन केलं, कारण अशा शब्दाने फसलेल्याला आणखी लाज वाटते आणि तो तक्रारीला पुढे येत नाही. मला हे फार पटतं.

प्रत्यक्ष न भेटलेल्या माणसाच्या सांगण्यावरून पैसे पाठवू नका, गुंतवू नका, त्याचे पैसे तुमच्या खात्यातून फिरवूही देऊ नका. फोनवर आलेला ओटीपी सांगू नका, स्क्रीन शेअर करू नका. "तुझा विश्वास नाही का माझ्यावर?" हा प्रश्न आला की बोलणं तिथेच संपवा.

भेटीची सूत्रं दुसऱ्याच्या हाती देणं

जा स्वतःच्या सोयीने, या स्वतःच्या सोयीने. घरी न्यायला येतो म्हटलं तरी नको, कारण त्याला तुमचं दार दिसतं. वर्दळीची जागा तुम्ही सुचवा. तो एकाच हॉटेलचा हट्ट धरत असेल तर सावध व्हा. हॉटेलवाल्याशी संगनमत करून अवाच्या सवा बिल हातात ठेवण्याचा प्रकार जगभर चालतो. ग्लास नजरेआड झाला असेल तर त्यातलं पिऊ नका, संकोच न करता नवा मागवा. आणि अचानक गरगरायला लागलं तर त्याच्यासोबत बाहेर पडू नका. कर्मचाऱ्यांना सांगा, आपल्या माणसाला बोलवा, तपासणीला लगेच जा. पेयात गुपचूप मिसळली जाणारी काही गुंगीची औषधं लघवीत जेमतेम १२ तास सापडतात.

चूक झाल्यावर सगळं पुसून टाकणं

घाबरून आपण पहिलं काय करतो? चॅट डिलीट. नका करू. बऱ्याच ॲपवर अनमॅच केलं, म्हणजे जुळलेली जोडी तोडली, की संभाषणच नाहीसं होतं, म्हणून आधी स्क्रीनशॉट, मग रिपोर्ट, मग ब्लॉक. पैसे गेले असतील तर त्याच तासाला बँकेला कळवा, नंतर पोलिसांना. खासगी फोटोंवरून धमकी येत असेल तर पैसे देऊ नका, एकदा दिले की मागणी वाढते. हे मुलींइतकंच मुलग्यांच्याही बाबतीत घडतं. स्टॉपएनसीआयआय ही मोफत सेवा २०२१ पासून आहे. ती तुमच्याच फोनवर फोटोचा डिजिटल ठसा बनवते, फोटो बाहेर जात नाही, आणि तिच्याशी जोडलेल्या साइट त्या ठशावरून तो फोटो ओळखून अडवतात. १८ वर्षांखालील वयाचा फोटो असेल तर 'टेक इट डाउन' ही तशीच सेवा आहे.

काही दिवसांनी कुणीतरी संपर्क करेल: "तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो, थोडी फी भरा." ही त्याच धंद्याची दुसरी फेरी असते.

आणि असं काही सांगायला कुणी तुमच्याकडे आलं, तर "तुला कळलं कसं नाही?" असं विचारू नका. "स्क्रीनशॉट आहेत ना? चल, आधी बँकेला फोन लावू," असं म्हणा.