कपाशीचं पाणी थांबवा, चणा आणि बगीचा सांभाळा

डिसेंबर सरत आला की नागपूर जिल्ह्यातल्या दोन-चार एकरांच्या शेतावर सगळी कामं एकदम येऊन पडतात. कपाशीचा शेवटचा वेचा, तुरीची सोंगणी, चण्याचं ओलीत, संत्र्याचा आंबिया बहार, म्हणजे हिवाळा सरताना येणारा फुलोरा. विहीर एकच, राबणारे हात घरचेच, आणि पंपाची लाईन कधी दिवसाची तर कधी रात्रीची. पाणी आणि मजुरी कुठे घालायची हे आत्ताच ठरवावं लागतं. माझं सांगणं सरळ आहे: कपाशीचं पाणी आजपासून बंद करा आणि ते चण्याला व संत्र्याच्या बगीच्याला राखा.

पऱ्हाटीला खालून पालवी फुटते, वर चार पात्या दिसतात, आणि दोन ओलितं दिली तर फरदडीचे, म्हणजे हंगाम संपल्यावर पाणी देऊन घेतलेल्या पिकाचे, दोन-तीन क्विंटल निघतील असा हिशेब मनात सुरू होतो. त्या हिशेबात गुलाबी बोंडअळी धरलेली नसते. ही अळी मुख्यतः कपाशीवरच जगते. वावरात हिरवं बोंड मिळत राहिलं की तिच्या पिढ्या वाढत जातात, बोंड संपलं की साखळी तुटते. २०१७ च्या हंगामात विदर्भाने तिचा फटका सोसला आहे, आणि बीटी बियाण्याचा तिला आता पूर्वीसारखा धाक राहिलेला नाही. थंडीत ही अळी सरकीत आणि किडक्या बोंडात सुप्तावस्थेत जाते व पुढच्या हंगामात पतंग होऊन बाहेर पडते. शिवाय फरदडीचा कापूस बराचसा कवडीचा, डागी निघतो. वेचणीची मजुरी वजा केली की हातात फार थोडं राहतं.

शेवटचा वेचा झाला की वावरात शेळ्या-मेंढ्या चारून घ्या. उरलेली हिरवी बोंडं त्या खाऊन टाकतात. नुकतीच फवारणी झाली असेल तर मात्र जनावरं आत सोडू नका. मग पऱ्हाटी मुळासकट उपटा. संक्रांतीपर्यंत वावर मोकळं झालं पाहिजे. गावात श्रेडर भाड्याने मिळत असेल तर पऱ्हाटी बारीक करून जमिनीत मिसळणं सगळ्यात चांगलं. चुलीसाठी ती लागतेच, हे खरं. तेवढी ठेवा, पण बोंडं झोडून वेगळी करून नष्ट करा, धुऱ्यावर (बांधावर) गंजी लावू नका आणि पावसाळ्याआधी संपवा. भावाची वाट पाहत कापूस घरात भरला असेल तर त्या खोलीत मादीच्या वासाने नर पतंग ओढणारा कामगंध सापळा टांगा, कारण सरकीतले पतंग तिथूनही निघतात. पतंगाला धुरा अडवत नाही, म्हणून शेजारच्या शेतकऱ्यालाही सोबत घ्या.

आता बगीचा. काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर या पट्ट्यात आंबियाचा ताण, म्हणजे फुलांसाठी झाडाचं पाणी काही आठवडे तोडणं, याच दिवसांत बसतो. पाणी तोडलं की झाडाची नवी वाढ थांबते, फांद्यांत अन्नसाठा होतो आणि पुढे पाणी मिळताच फुलं एकदम येतात. ताण किती दिवस द्यायचा हे शेजाऱ्याच्या बगीच्यावरून ठरवू नका, आपल्या जमिनीवरून ठरवा. हलक्या, मुरमाड जमिनीत तो लवकर बसतो, खोल काळ्या जमिनीत ओल टिकते म्हणून जास्त आठवडे लागतात. पानं फिकी, मलूल पडली आणि साधारण चौथा हिस्सा पानगळ झाली की ताण बसला असं समजा. त्यापुढे ओढलात तर फांद्या वाळतात. भारी जमिनीत एवढं करूनही झाड हिरवंगारच राहिलं, तर वाढरोधकाची फवारणी करता येते. तिची मात्रा दुकानदाराला विचारू नका, नागपुरातच केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, तिथे विचारा.

झाडावर आंबियाची जुनी फळं लटकत असतील तर ताण नीट बसत नाही. बगीचा व्यापाऱ्याला दिला की तो भाव पाहून तोडणी लांबवतो आणि नुकसान पुढच्या बहाराचं होतं. तोडणीची शेवटची तारीख सौद्यातच लिहून घ्या. ज्या झाडांवर मृगाची, म्हणजे पावसाळी बहाराची, फळं पोसत आहेत त्यांचं पाणी तोडू नका. अशा झाडांना चुन्याची खूण करून ठेवा, म्हणजे ओलीत करणाऱ्याचा घोटाळा होत नाही.

ताण चालू असताना सल (वाळक्या फांद्या) काढून घ्या. वाळलेली फांदी हिरव्या भागापर्यंत कापायची आणि कापलेल्या जागी बोर्डो मलम लावायचं: मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर. हेच मलम खोडाला जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत लावलं तर डिंक्याला, म्हणजे खोडातून डिंक गळणाऱ्या बुरशीच्या रोगाला, आळा बसतो. ताण तोडताना, म्हणजे राखलेलं पाणी पुन्हा सुरू करताना, झाडामागे ४० ते ५० किलो चांगलं कुजलेलं शेणखत द्या, त्याबरोबर स्फुरद, पालाश आणि अर्धं नत्र. राहिलेलं नत्र फळधारणेनंतर. पहिलं ओलीत हलकंच असू द्या, पुढचं भरपूर. आळं दुहेरी करा, म्हणजे खोडाभोवती आत एक आणि बाहेर एक असे दोन गोल वरंबे घाला, खोडाला पाणी टेकता कामा नये. पाटाने सगळ्या झाडांच्या बुंध्यातून एकच पाणी फिरवण्याची जुनी सवय डिंक्याची बुरशी झाडोझाड पोहोचवते. ती सवय मोडलीच पाहिजे.

चण्याला दोन ओलितं पुरतात, एक फांद्या फुटताना आणि दुसरं घाटे भरताना. भारी जमिनीत जास्त पाणी दिलं तर झाड नुसतं माजतं आणि मुळं सडतात. घाटे अळीसाठी फुलोरा सुरू होताच ५ टक्के निंबोळी अर्क फवारा आणि वावरात पक्षी बसतील अशा काठ्या रोवा. धुवारी (धुकं) पडलेल्या सकाळी फवारणी करू नका, पानं वाळू द्या. तुरीच्या शेंगा वाळल्या असतील तर सोंगणी लांबवू नका, कापलेले पेंढे ताडपत्रीजवळच ठेवा. या दिवसांत आभाळ कधी भरून येईल याचा नेम नसतो.

रात्रीच्या ओलिताला एकट्याने जाऊ नका. पायात गमबूट, हातात चांगली बॅटरी असू द्या, आणि मोटारीच्या स्टार्टरचं अर्थिंग या आठवड्यात वायरमनकडून तपासून घ्या.