इन्क्युबेटरवर संशोधन करताय? आधी मुकादमाला भेटा

पीएचडीच्या माझ्या विषयाचं नाव दोन ओळींचं होतं. त्यात 'शाश्वत' होतं, 'नवोपक्रम' होतं, 'इन्क्युबेटर' होतं, म्हणजे नव्या उद्योगांना सुरुवातीला जागा आणि मदत देणारं केंद्र. गाइड म्हणाले, "यातलं डोळ्यांना दिसणारं काय आहे?" मी गप्प.

पहिले सहा महिने वाचनात गेले. त्यातली एकच गोष्ट मी अजून लोकांना सांगते. 1959 साली न्यूयॉर्क राज्यातल्या बटाव्हिया गावी एका बंद कारखान्याची प्रचंड इमारत लहान उद्योगांना तुकड्यातुकड्यांनी भाड्याने दिली गेली. भाडेकरूंत कोंबडीची पिल्लं उबवणारी एक कंपनी होती. त्यावरून थट्टेत त्या इमारतीला 'इन्क्युबेटर', म्हणजे अंडी उबवण्याचं यंत्र, म्हटलं गेलं आणि नाव चिकटलं.

मग मी घोडचूक केली. साठ जणांना प्रश्नावली ईमेलने पाठवली. सात परत आल्या, त्यातल्या दोन अर्धवट. वर्ष वाया गेलं म्हणा ना.

मुलाखती मिळाल्या, पण केंद्रचालक तुम्हाला त्यांची लाडकी नावंच सांगतात. त्यात खोटं काही नसतं. आयआयटी मुंबईच्या 'साइन' या इन्क्युबेटरमधून आयडियाफोर्ज ही ड्रोन कंपनी निघाली आणि 2023 मध्ये शेअर बाजारात गेली, हे खरंच. पण बुडालेले कुठे भेटणार? त्यासाठी इन्क्युबेटरची चार-पाच वर्षांपूर्वीची माहितीपुस्तिका मिळवा आणि त्यातलं एकेक नाव कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर टाका. 'स्ट्राइक ऑफ' (म्हणजे कंपनीचं नाव नोंदवहीतून काढलेलं) दिसलं की त्या संस्थापकाचा शोध घ्या. माझ्या सगळ्यात चांगल्या मुलाखती अशा लोकांच्या आहेत. त्यांना आता कोणाला खूश ठेवायचं नसतं.

माझं संशोधन फिरलं ते एका कचरापेटीपाशी. पेटी भरली की मोबाइलवर कळवणारा सेन्सर एका स्टार्टअपने काही पेट्यांवर बसवला होता. सादरीकरणात नकाशावर लाल-हिरवे ठिपके सुरेख दिसायचे. मी सकाळी साडेसहाला त्या प्रभागातल्या हजेरी कोठीवर, म्हणजे सफाई कामगारांची हजेरी लागते तिथे, गेले. मुकादम म्हणाले, "मॅडम, पेटी भरो न भरो, गाडी सातलाच येते. डिझेल ठरलेलं, ड्रायव्हरची पाळी ठरलेली. ठिपका लाल झाला म्हणून मी दुसरी गाडी आणू कुठून?" सेन्सरवर कुणीतरी दुधाची पिशवी रबराने बांधली होती, पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून. बॅटरी केव्हाच संपली होती.

यंत्र चांगलं होतं. पण ज्याचं काम त्यामुळे बदलणार होतं, त्याला कुणी विचारलंच नव्हतं. त्या दिवसापासून माझा प्रश्न बदलला. इन्क्युबेटरने किती स्टार्टअप घडवले हे मोजणं मी सोडलं. पायलटनंतर, म्हणजे पहिल्या छोट्या चाचणीनंतर, दुसरी ऑर्डर आली का, एवढंच बघू लागले. बहुतेकदा येत नाही. इन्क्युबेटरमधला मुक्काम दोन-तीन वर्षांचा. महापालिकेचं वर्ष एप्रिल ते मार्च, त्यात निविदा, उलाढालीची अट, अनामत रक्कम, मधेच अधिकाऱ्यांची बदली. ही अडचण सरकारलाही ठाऊक आहे. म्हणून तर 2018 च्या महाराष्ट्र स्टार्टअप सप्ताहात विजेत्यांना नुसती ढाल न देता 15 लाखांपर्यंतचे कार्यादेश, म्हणजे सरकारी कामाच्या ऑर्डरी, देण्याची योजना होती. नुसत्या बक्षिसापेक्षा हे मला कितीतरी शहाणपणाचं वाटतं.

आणखी एक. पुण्यात राहून हा विषय करणाऱ्याने 'स्वच्छ'कडे डोळेझाक करू नये. 1993 मध्ये कचरावेचकांची संघटना उभी राहिली, तिच्यातून 'स्वच्छ' ही त्यांचीच मालकी असलेली सहकारी संस्था झाली आणि 2008 मध्ये तिने महापालिकेशी करार केला. दारोदारचा कचरा गोळा करायचा, घरामागे ठरलेलं शुल्क घ्यायचं. या शहरातला सगळ्यात टिकाऊ नवोपक्रम कुठल्याही इन्क्युबेटरमध्ये उबवलेला नाही. हे वाक्य प्रबंधात लिहिलं तेव्हा परीक्षकांनी भुवया उंचावल्या. मी ते काढलं नाही.

महापालिकेच्या कागदपत्रांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज करा: दहा रुपये शुल्क, उत्तराला तीस दिवस. पण 'स्टार्टअपविषयी सर्व माहिती द्या' असं लिहाल तर हात हलवत परत याल. कार्यादेशाचा क्रमांक, तारीख, बिल कधी निघालं, एवढंच मागा. क्रमांक कुठून मिळणार? बिलासाठी चकरा मारणाऱ्या स्टार्टअपच्या संस्थापकाच्या पिशवीतल्या फायलीत तो असतो. चहा तुम्ही पाजा.