अंधार पडल्यावर गोल्फची प्रॅक्टिस करायचीय? मग लाँच मॉनिटर असा निवडा

दिवसभर कामं असतात, प्रॅक्टिसला वेळ मिळतो तो सूर्य मावळल्यावर, आणि तेव्हा बॉल मारला की दोन सेकंदांत काळोखात गडप. किती गेला, कुठे वळला, काही पत्ता नाही. हे सगळं मोजून सांगणारं मशीन म्हणजे लाँच मॉनिटर. दिवसा त्याने काहीतरी भलतंच सांगितलं तर डोळ्यांना लगेच कळतं, रात्री मात्र ते सांगेल ते मुकाट मानावं लागतं, म्हणून रात्रीसाठी मशीन घेताना जरा जास्तच चौकशी करायची.

सगळ्यात आधी बघा की मशीन बॉल पाहतं कशाने. रडारवालं असेल (गार्मिन आर10 किंवा फ्लाइटस्कोप मेवो टाइप) तर ते बॉलवर लहरी सोडतं आणि परत आलेल्या लहरींच्या बदललेल्या फ्रिक्वेन्सीवरून वेग काढतं, त्याला उजेडाशी काही देणंघेणं नाही. कॅमेरावालं असेल तर फोटो काढायला उजेड हवाच, पण जीसीक्वाडसारखी मशीन्स स्वतःचा इन्फ्रारेड उजेड घेऊन येतात, त्यामुळे "कॅमेरा म्हणजे रात्री बाद" असं सरसकट नाहीये. खरी गोची मिक्स प्रकारात होते, उदाहरणार्थ रॅप्सोडोच्या एमएलएम2प्रोमध्ये रडारही आहे आणि कॅमेरेही, आणि स्पिन (बॉलचं स्वतःभोवती फिरणं) मोजायला खास खुणा असलेले बॉल कॅमेऱ्याला दिसावे लागतात. म्हणजे अंधारात मशीन चालू दिसेल, वेगही सांगेल, पण स्पिनचा भरवसा नाही. म्हणून विकणाऱ्याला "रात्री चालतं का" असं मोघम विचारू नका, कुठला आकडा मोजलेला आणि कुठला हिशोबाने काढलेला, आणि उजेड कमी झाला की त्यातला कुठला जातो, हे विचारा.

मग जागा मोजा. रडारवालं मशीन बॉलच्या मागे साधारण 6 ते 8 फूट ठेवावं लागतं आणि पुढे बॉलला उडायला जागा लागते, नेट एकदम नाकासमोर लावलं तर त्याला बघायला काही उरतच नाही. कॅमेरावालं बहुतेक वेळा बॉलच्या बाजूला बसतं, त्यामुळे कमी जागेत भागतं, फक्त डावरे आणि उजवे दोघं खेळणार असाल तर दर वेळी ते उचलून ठेवायचा वैताग येतो.

लाइट लावणार असाल तर तो मॅटवर पडू द्या, लेन्सच्या तोंडावर नको. काही एलईडी लाइट डोळ्यांना स्थिर वाटले तरी भराभर लुकलुकत असतात आणि त्यामुळे कॅमेऱ्याचा घोळ होऊ शकतो, म्हणून शक्य असेल तर तुम्ही वापरणार तोच लाइट लावून ट्रायल घ्या.

दिशेचं काम उजेड असतानाच उरकून घ्या, हे मी अगदी बजावून सांगतो. टार्गेटच्या रेषेत दोन अलाइनमेंट स्टिक ठेवा, मशीन त्याच रेषेत लावा, नाहीतर रात्रभर सरळ मारलेले शॉट उजवीकडे दिसतील आणि तुम्ही चांगला स्विंग बिघडवून बसाल. तेव्हाच 7 आयर्नने दहा शॉट मारून कॅरी (बॉल जमिनीला टेकेपर्यंत हवेतून गेलेलं अंतर) लिहून ठेवा, आणि अंधार पडल्यावर तोच क्लब परत मारून बघा. थोडा फरक पडणारच, हवा गार झाली की दाट होते (दर 3 अंश सेल्सिअसला साधारण 1 टक्का) आणि बॉल थोडा कमी जातो. पण एकदम 20 यार्डांचा फरक आला तर आधी मशीनवर संशय घ्या.

चमकणारे बॉल मजेसाठी ठीक आहेत, पण त्यांचं उडणं नेहमीच्या बॉलसारखं नसतं, तेव्हा त्यावरून क्लबचं अंतर ठरवू नका. नेहमीचाच बॉल वापरा, फक्त दव पडलं की बॉल आणि क्लबफेस दर शॉटला पुसा, मधे पाणी आलं की वेजचा (जवळच्या, उंच शॉटसाठीचा क्लब) स्पिन घसरतो आणि दोष मशीनला जातो. लेन्सही पुसायची, किडे येतात ते वेगळंच.

बॅटरी, पाण्यापासून बचाव, अंधारात डोळे न दिपवणारी स्क्रीन, हे दुकानातच बघून होतं. मात्र परत करायची मुदत नीट विचारून घ्या आणि त्या मुदतीत किमान दोन रात्री, एक कोरडी आणि एक दव पडलेली, बाहेर नेऊन मारून बघा.